‘पण त्यांनी शोध काय लावला?’

मायक्रोवेव्हच्या, म्हणजे मोबाइल-रडारमधल्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरींच्या, मापनात उभी हयात घालवलेल्या आणि तेच पुढच्यांना शिकवलेल्या एखाद्या अभियंत्याला कारकिर्दीचा पुरस्कार जाहीर झाला, की ठरलेला वाद सुरू होतो. पुरस्कार सातासमुद्रापलीकडचा असला तरी वाद जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूरच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांपर्यंत येतो, कारण ५ सप्टेंबर जवळ आला की इथेही ‘यंदा सत्कार कोणाचा’ हा प्रश्न असतोच. एक पक्ष विचारतो, पण त्यांनी शोध काय लावला? पेटंट किती? दुसरा पक्ष म्हणतो, अहो, सर ऋषितुल्य आहेत, हजारो विद्यार्थी घडवले त्यांनी. पहिल्या पक्षाला मापन म्हणजे काय ते ठाऊक नाही. दुसऱ्याला ठाऊक असावे, पण तो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही आणि शाल-श्रीफळाची भाषा बोलत राहतो. माझ्या मते असा पुरस्कार योग्यच आहे. मात्र तो निष्ठेसाठी, वयासाठी किंवा गोड स्वभावासाठी देऊ नये. या माणसामुळे दुसऱ्यांचे आकडे विश्वास ठेवण्याजोगे झाले का, एवढे एकच तपासावे आणि द्यावा.

हे काम काय असते ते आधी पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नसते. १० गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ३० मिलिमीटर असते. म्हणजे वाटेत १ मिलिमीटर लांबी वाढली की लहरीची कला (म्हणजे ती चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) १२ अंशांनी सरकते, आणि लहर आदळून परत येणार असेल तर २४ अंशांनी. इथे मल्टिमीटरची टोके लावून व्होल्ट वाचता येत नाहीत. केबल, कनेक्टर, अडॅप्टर हे सगळेच त्या आकड्यात मिसळलेले असतात. म्हणून व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझरवर, म्हणजे वस्तूवरून परत आलेली आणि तिच्यातून पार गेलेली लहर मोजणाऱ्या उपकरणावर, वस्तू मोजण्याआधी उपकरणाच्या स्वतःच्या चुका मोजाव्या लागतात; यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. दोन पोर्टांच्या (जोडणीच्या तोंडांच्या) नेहमीच्या पद्धतीत त्या बारा धरतात, सहा एका दिशेच्या आणि सहा उलट दिशेच्या. शॉर्ट (बंद टोक), ओपन (उघडे टोक), लोड (लहर शोषणारे टोक) आणि थ्रू (दोन्ही पोर्टांची थेट जोडणी) अशी माहितीची मानके जोडायची, त्यांच्यावरून बारा चुका काढायच्या आणि मग गणिताने वजा करायच्या. १९७९ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या ग्लेन एन्जेन आणि क्लीटस होअर यांनी थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन ही पद्धत मांडली. तिच्यात अचूक लोडची गरजच उरली नाही. एका चांगल्या लाइनचा इम्पीडन्स (लहरीला होणारा विरोध) भरवशाचा असला आणि दोन्ही पोर्टांवर एकच परावर्तक, म्हणजे ‘रिफ्लेक्ट’, लावले की भागते. १९८४ मध्ये एचपी ८५१० हा अॅनालायझर बाजारात आला आणि हे सगळे वजाबाकीचे गणित मापन चालू असतानाच पडद्यावर होऊ लागले. या मंडळींची एआरएफटीजी ही स्वतंत्र संघटना १९७२ पासून आहे, आणि तिच्या पुरस्कारांत कारकिर्दीचाही एक आहे. थोडक्यात, या क्षेत्राने आपल्या मोजणाऱ्यांचा मान ठेवायला बाहेरच्या कोणाची वाट पाहिली नाही.

आता विरोधी पक्षाचा पहिला मुद्दा, आणि तो हलका नाही. हे सगळे आता यंत्रच करते ना? बटण दाबा, पडदा सांगेल ते करा, दोन मिनिटांत कॅलिब्रेशन. इलेक्ट्रॉनिक कॅलिब्रेशन मॉड्यूल असेल तर मानके बदलण्याचीही कटकट नाही. मग मापनतज्ज्ञाचे कौतुक म्हणजे टंकलेखन यंत्राच्या जमान्यातल्या मोत्यासारख्या अक्षराचे कौतुक नव्हे काय?

यंत्र गणित करते हे खरे. पण चुकीच्या कॅलिब्रेशननंतरही तेच यंत्र तितकीच सुबक रेघ काढते. मेल (पिनवाल्या) मानकांच्या किटच्या जागी फीमेल (खाचेवाल्या) किटची व्याख्या निवडली, तर दोन्ही ओपनची काठाची धारिता आणि लांबी वेगळी असल्यामुळे कला चुकते; रेघेत मात्र काही दिसत नाही. विद्यार्थी कॅलिब्रेशननंतर तोच शॉर्ट पुन्हा लावतो, बिंदू स्मिथ चार्टच्या (परावर्तन दाखवणाऱ्या वर्तुळाकार आलेखाच्या) डाव्या टोकाशी बसला की ‘बरोबर आहे सर’ म्हणतो. ज्या शॉर्टवरून चुका काढल्या तोच शॉर्ट लावला तर बरोबर येणारच, यात तपासले काय? खरी तपासणी कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या वस्तूची करावी लागते. एखादा माहितीचा अॅटेन्युएटर (लहर ठरावीक प्रमाणात क्षीण करणारा घटक) चालतो, नाहीतर एअर लाइनच्या (आत फक्त हवा असलेल्या अचूक नळीच्या) टोकाला लावलेला शॉर्ट. हे कोणत्याही पडद्यावर लिहून येत नाही, कोणीतरी शिकवावे लागते.

किंवा तो आवडता आकडा घ्या, ‘रिटर्न लॉस पंचावन्न डीबी’. परत येणारी लहर किती दुबळी, ते हा डेसिबलमधला आकडा सांगतो; आकडा मोठा तितके परावर्तन कमी. लोड मानक झिजलेले आहे आणि उरलेली डायरेक्टिव्हिटी (उपकरणाची स्वतःची गळती) ३० डीबीच आहे असे समजा. अँटेनाचा खरा रिटर्न लॉसही ३० डीबी आहे. मग दोन सारख्या लहरी कलेनुसार एकमेकींत मिळतात किंवा एकमेकींना खातात, आणि वाचन २४ डीबीपासून अथांग खोलीपर्यंत कुठेही जाऊ शकते. पडद्यावरची ती खोल दरी अँटेनाचा पराक्रम नसते; उपकरणाची चूक आणि अँटेनाचे परावर्तन योगायोगाने एकमेकांना खाऊन बसलेले असतात. डायरेक्टिव्हिटी ४० डीबी झाली तरी तीच अँटेना २७.६ ते ३३.३ डीबी यांच्यामध्ये कुठेही दिसेल. ज्याला हे ठाऊक आहे तो प्रबंधात पंचावन्न लिहिणार नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला कितीही महागडे उपकरण द्या, तो लिहीलच.

मग हातकाम. स्टेनलेस स्टीलच्या एसएमए (आट्यांच्या छोट्या) कनेक्टरला साधारण ०.९ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) हवा, पितळी असेल तर ०.५६, त्यासाठी टॉर्क पाना असतो. आपल्याकडे ८ मिलिमीटरचा साधा पाना घेऊन ‘घट्ट बसला’ असे वाटेपर्यंत आवळतात. फिरवायचे फक्त नट, कनेक्टरचे अंग नव्हे, नाहीतर मधली पिन समोरच्या कनेक्टरच्या बोटांत घासत फिरते. पिन जरा पुढे आलेली असली तर ती समोरचे मानक कायमचे बिघडवते, आणि ते बिघडलेले मानक पुढे प्रत्येक विद्यार्थ्याचा आकडा बिघडवत राहते. त्यात जळगावचा मे महिना. सकाळी कॅलिब्रेट करून दुपारी बंद एसीच्या खोलीत मोजले तर केबल सकाळची राहिलेली नसते. काही जण यावर उपाय म्हणून एसी अठरावर लावतात. पण टेफ्लॉन भरलेल्या केबलची विद्युत लांबी नेमकी १९ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम बदलते, त्यामुळे एसी चालू-बंद होताना कला तिथेच उड्या मारते. पंचवीसवर ठेवा, उपकरण तासभर तापू द्या, कॅलिब्रेशननंतर केबल हलवू नका. यात पेटंट घेण्याजोगे काही नाही, पण याच्याशिवाय पेटंटातले आकडे खरे ठरायचे कसे?

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे : मापन ही सेवा आहे, सृजन नव्हे, सन्मान नवे देणाऱ्याचा व्हावा. यातला खरा भाग मान्य करायला हवा. आयुष्यभर नियमाने मापे घेतलेली प्रत्येक व्यक्ती थोर नसते, आणि नवी कल्पना सुचणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. पण ‘नवे’ सापडते कसे, ते पाहा. १९६१ मध्ये बेल लॅबमधल्या एडवर्ड ओम यांनी आपल्या रिसीव्हरच्या गोंगाटाचा जमाखर्च मांडला; हा गोंगाट तापमानाच्या एककात, केल्व्हिनमध्ये, मोजतात. सगळे घटक मिळून १८.९ केल्व्हिन भरत होते, मोजले तर २२.२ येत होते. सव्वातीन केल्व्हिन जास्तीचे होते, पण मापनाची अनिश्चितता पाहता त्यातून काही ठामपणे म्हणता येत नव्हते. तीन-चार वर्षांनी त्याच संस्थेत पेन्झियस आणि विल्सन यांनी तोच प्रश्न वेगळ्या शिस्तीने धरला. द्रव हेलियमने थंड केलेला, माहितीच्या तापमानाचा लोड मानक म्हणून घेतला, अँटेना त्याच्याशी पुन्हा पुन्हा तोलली, प्रत्येक घटकाचा हिशेब वेगळा काढला आणि ४,०८० मेगाहर्ट्झला उरलेले साडेतीन केल्व्हिन काही केल्या जात नाहीत हे १९६५ मध्ये जाहीर केले. विश्वाच्या आरंभापासूनचे ते प्रारण होते. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दोन्ही प्रयोगांत आकाश एकच होते आणि जास्तीचा आकडाही जवळपास तोच होता. फरक पडला तो आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवता येण्यामुळे. मग इथे सेवा कुठे संपली आणि सृजन कुठे सुरू झाले? उलट बाजूचे उदाहरणही आहे. २०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात अशी बातमी जगभर गाजली. काही महिन्यांनी कळले की एका ऑप्टिकल फायबरचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता.

मोजणाऱ्याचे नाव मागे पडण्याची खोड जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये ‘शिखर १५’ हे सर्वांत उंच असल्याचे गणिताने काढले. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून घेतलेली निरीक्षणे, मधल्या हवेतल्या वक्रीभवनाची दुरुस्ती आणि १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची २९,००२ फूट. आजच्या ८,८४८.८६ मीटरशी ताडून पाहिली तर चूक सुमारे नऊ मीटरची. १८६५ मध्ये शिखराला नाव मिळाले सर्वेक्षणाचे आधीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचे, जे १८४३ लाच निवृत्त होऊन गेले होते. हे सर्वेक्षण सुरू करणाऱ्या लॅम्बटन यांची कबर तर आपल्या शेजारच्या विदर्भात, हिंगणघाटला आहे. १८२३ मध्ये ते तिथेच वारले. विदर्भात जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी किती जणांना ती ठाऊक आहे?

‘सेवा’ म्हणून मापनाला खालची पायरी देणाऱ्या खान्देशी माणसाने एकदा कापूस खरेदी केंद्रावर उभे राहून पाहावे. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत टक्क्यामागे कपात, त्यापुढे माल परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ओलाव्याच्या एका टक्क्याची किंमत क्विंटलमागे ८१ रुपये, वीस क्विंटलला सोळाशेच्या वर. मीटर बहुधा विद्युत रोध मोजणारे असते. कापूस किती दाबून भरला, टोके किती खोल गेली आणि माल उन्हात तापलेला आहे का, यांवर त्याचा आकडा हलतो. रोज तिथे हुज्जत होते आणि ती ‘व्यापारी विरुद्ध शेतकरी’ अशी रंगते. मीटर कधी आणि कशाशी ताडून पाहिले, हे क्वचितच कोणी विचारते. काटा मारणे आपल्याला कळते, कारण काट्याची शंका घ्यायला बापजाद्यांनी शिकवले. मीटरची शंका घ्यायला कोण शिकवणार? ते शिकवणारी जागा म्हणजे महाविद्यालयातली मापनाची प्रयोगशाळा, आणि तिथला शिक्षक.

तिसरा मुद्दा मला सर्वांत बळकट वाटतो. शोधनिबंध मोजता येतात, शिकवणे मोजता येत नाही. जिथे निकष नाही तिथे ओळखीपाळखी शिरते. आपले शिक्षक-पुरस्कार त्यातून सुटलेले नाहीत. स्वतःच्या थोरवीची फाइल स्वतःच जमवायची, कात्रणे चिकटवायची, शिफारसपत्रे आणायची, हा प्रकार पाहिला की ‘त्यापेक्षा निबंध मोजा’ असे म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. पण निबंध मोजण्याचा प्रयोगही आपण करून पाहिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या कामाला एपीआयचे (शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाचे) गुण लावले. गुण मोजायला लागल्याबरोबर गुण मिळवून देणारी नियतकालिके उगवली. मोजायला सोपे तेच महत्त्वाचे ठरवले की असे होते. मापनाच्या शिक्षकाला तर हे कोणी समजावायला नको.

शिवाय शिकवणे मोजता येत नाही हेच मुळात मान्य करण्याचे कारण नाही. आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत अजून एक्स-बँडचा (१० गिगाहर्ट्झच्या आसपासचा) क्लायस्ट्रॉन बेंच आहे; क्लायस्ट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोतातून मायक्रोवेव्ह निर्माण करणारी नळी. आधी पंखा, मग रिपेलरचे (इलेक्ट्रॉन परत लोटणाऱ्या पट्टीचे) ऋण व्होल्टेज कमाल, आणि त्यानंतरच बीम व्होल्टेज; क्रम चुकला तर इलेक्ट्रॉन रिपेलरवरच आदळतात आणि नळी जाते. ९.५ गिगाहर्ट्झला २२.८६ मिलिमीटर रुंदीच्या वेव्हगाइडमध्ये (लहर नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत) तरंगलांबी ४३.६ मिलिमीटर, म्हणजे स्लॉटेड लाइनवर (प्रोब सरकवण्यासाठी खाच असलेल्या वेव्हगाइडवर) दोन किमान बिंदूंमधले अंतर २१.८ यायला हवे. प्रोब जास्त आत घातला तर तोच क्षेत्र बिघडवतो आणि किमान बिंदू सरकतात. व्हीएसडब्ल्यूआर (स्थिर लहरीच्या कमाल-किमानाचे गुणोत्तर) दहाच्या वर असेल तर कमाल-किमान थेट वाचून चालत नाही, कारण कमाल बिंदूशी डिटेक्टर वर्गनियमातून बाहेर पडलेला असतो, म्हणजे त्याचे वाचन शक्तीच्या प्रमाणात राहत नाही. तेव्हा किमानाच्या दोन्ही बाजूंच्या दुप्पट शक्तीच्या बिंदूंमधले अंतर घेतात आणि त्यावरून व्हीएसडब्ल्यूआर काढतात. ते १ मिलिमीटर आले तर उत्तर १३.९. पण व्हर्नियर ०.१ मिलिमीटरचाच आहे; ०.९ आले असते तर १५.४ आणि १.१ आले असते तर १२.६. आता एका बॅचची जर्नले उघडा. सगळ्यांत १३.९. एका वर्षाचे नव्हे, गेल्या कित्येक वर्षांचे १३.९, कारण जर्नल उतरवले जाते, बेंच नाही. सबमिशन पूर्ण, टर्मवर्कचे गुण पूर्ण, ओरलला एक्स्टर्नल विचारतो ‘व्हीएसडब्ल्यूआर किती आला?’ आणि मुलगी ‘साडेबारा ते साडेपंधराच्या मध्ये’ म्हणाली तर तिलाच गुण कमी. ज्या शिक्षकाच्या वर्गात जर्नलांतले आकडे एकमेकांपासून वेगळे असतात आणि तो फरक का, हे मुलांना सांगता येते, तो शिक्षक त्या जर्नलांवरूनच ओळखता येतो. निकष नाही असे नाही; निकष कपाटात गठ्ठ्यांनी पडलेला आहे.

आणि शिकवण्याचा मान कसा करावा याचा नमुना खान्देशातच दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाच्या शेवटच्या मराठी भागात बाजारातल्या मालावरचा हिस्सा येतो, घाण्यामागे पळी पळी तेल येते, आणि मग हे येते : इथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे, मापणावळीचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला. चांगदेवाने नवे काय शोधले, असे त्याला कोणी विचारल्याचे दिसत नाही. त्याच्या सन्मानाची फक्त शालही झाली नाही. शिकवण्याची जागा, तिचा कायमचा खर्च आणि गावाचे प्रमाण माप या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बांधल्या गेल्या. त्या काळची सामाजिक चौकट आजच्याइतकी मोकळी नव्हती, ते झाकायचे कारण नाही. पण व्यवस्था म्हणून हा विचार आपल्या सत्कारांपेक्षा पुष्कळ पुढचा आहे.

‘पुरस्काराच्या पैशांत उपकरणे घ्या’ हा उरलेला मुद्दा मला अर्धा मान्य आहे. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात शिकवलेल्या रॉजर पोलार्ड या मापनतज्ज्ञाच्या नावाने विद्यार्थ्यांना मापनातली फेलोशिप दिली जाते. पदकापेक्षा ते बरे. पण नुसती उपकरणे घेऊन भागत नाही. नॅनोव्हीएनए हा हातात मावणारा नेटवर्क अॅनालायझर आता काही हजारांत मिळतो. मूळ रचनेत ३०० मेगाहर्ट्झच्या वर तो हार्मोनिकवर (मूळ कंप्रतेच्या पटींवर) चालतो आणि किती दुबळी लहर मोजता येते ती त्याची पल्ला-क्षमता घसरते, हे सांगणारे कोणी नसेल तर मुले त्याहून वरच्या कंप्रतेच्या अँटेनाचे त्यावरचे आकडे बिनदिक्कत छापतील.

तेव्हा खान्देशात असा पुरस्कार ठेवायचा असेल तर फाइल मागवूच नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आणलेला एक १० डीबीचा अॅटेन्युएटर पाच महाविद्यालयांत फिरवावा. प्रमाणपत्र बंद पाकिटात राहील. प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्यांनी, शिक्षकाने हात न लावता, ठरलेल्या चार फ्रिक्वेन्सींना तो मोजावा आणि आकड्याबरोबर आपली अनिश्चितता लिहावी. मग दोन आकड्यांमधला फरक घ्यायचा आणि त्याला दोन्ही अनिश्चिततांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर एकच्या आत आले तर पास. समजा पाकिटात १०.१२, अधिक-उणे ०.०५ आहे. एका महाविद्यालयाने १०.३० लिहून ऐटीत अधिक-उणे ०.१० ठोकले, तर भागाकार १.६ येतो, नापास. दुसऱ्याने तेच १०.३० लिहिले, पण आपले कनेक्टर झिजलेत आणि खोली तापते हे हिशेबात धरून अधिक-उणे ०.२० लिहिले, तर ०.८७, पास. आता कोणी म्हणेल, मग अधिक-उणे ५ लिहून सगळेच पास होतील. म्हणून अनिश्चिततेचा हिशेब घटकागणिक मागायचा, कनेक्टरचा किती, मिसमॅचचा (इम्पीडन्स न जुळल्याचा) किती, तापमानाचा किती, आणि फुगवलेला घटक दिसला की ओरल घ्यायची. हे दरवर्षी करा, निकाल विद्यार्थ्यांच्या नावांसह लावा, आणि ज्यांची मुले पाच-सात वर्षे सातत्याने पाकिटाच्या जवळ राहतात त्या शिक्षकाला बोलवा. सुरुवातीला लागेल तो एक अॅटेन्युएटर, दोन टॉर्क पाने आणि तपासणीची फी. ती कोणी भरायची यावर मात्र पहिली बैठक नक्की गाजेल.